पडद्याचं पाणी

नगरपालिकेसमोर पाण्याचा पडदा दिमाखात कोसळत होता. त्यात क्षणभर बगळा उमटायचा, मग लाट, मग मेपलचं पान. लोक फोन उंच धरून चित्रं टिपत होते. फुसाए आजी मात्र चित्रांकडे बघत नव्हती. हे पाणी येतं कुठून, ते ती बघत होती.

जूनमध्ये या कलाकृतीचं उद्घाटन झालं आणि दोन गल्ल्या पलीकडे, आजीच्या टोफूच्या दुकानामागच्या विहिरीचं पाणी खाली जाऊ लागलं. विहिरीच्या बांधकामातले सात दगड उघडे पडले होते, तळाचे तीनच पाण्यात उरले होते. विहीर आटली की दुकान बंद. नळाच्या पाण्यात टोफू करायला ती मेली तरी तयार नव्हती. तिने दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा उद्यान विभागाच्या नागासेने कमरेत वाकून सांगितलं, की हे नळाचंच पाणी आहे, तेच तेच गोल फिरतं, विहीर आटतेय ती यंदा डोंगरावर बर्फच कमी पडला म्हणून. इतकं वाकणाऱ्या माणसावर आजीचा विश्वास नव्हता.

ऑगस्टचं ऊन रणरणत होतं. घरी नळाला सकाळपासून कोमट पाणी येत होतं. आजीने पडद्याखालच्या हौदात हात घातला आणि बोटं गारठून बधिर झाली. तिला संताप आला. पण म्हातारीच्या हाताची साक्ष कोण मानणार?

तिने पिशवीतून झाकणाचा डबा काढला. आत नुकताच साच्यातून काढलेला, वाफाळता टोफू होता. डबा गळ्यापर्यंत हौदात बुडवून ती कठड्यावर बसून राहिली. पहारेकरी काहीतरी बोलणार होता. तिने अशी काही नजर टाकली, की तो पुढे निघून गेला.

बारा वाजता नागासे जेवायला खाली उतरला. तिला पाहून त्याचा चेहरा पडला, तरी तो वाकला. आजी भांडली नाही. सारखी छळते तुला, म्हणून खायला आणलंय, असं म्हणत तिने डबा त्याच्या हातात दिला, वर किसलेलं आलं ठेवलं, सोया सॉस घातला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. पहिल्याच घासाला त्याने डोळे मिटले.

"मस्त गार आहे हो, आजी. लहानपणी तुम्ही विहिरीतून काढून द्यायचात ना, अगदी तस्सा."

चॉपस्टिक्स हवेतच थांबल्या. त्याने हातातल्या डब्याकडे पाहिलं. डबा बाहेरून निथळत होता. मग त्याने हौदाकडे पाहिलं.

पडद्यावर पुन्हा बगळा उमटला. लोकांनी फोन वर केले.

"सावकाश खा रे," आजी म्हणाली. "अजून तीन दगड बाकी आहेत."