दाराआडचा उस्मान

किल्ली कुलपात घातली आणि उस्मानचा हात थांबला. आत तो गात होता.

आखाती देशातल्या माहूज भागात, इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, भर दुपारी, स्वतःच्याच दाराबाहेर उभा राहून तो स्वतःचा आवाज ऐकत होता. भरदार, किंचित खरखरीत. मागे गिटार आणि ड्रमचा संथ ठेका.

चौदा वर्षं तो तिथल्याच सीफ भागातल्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन होता आणि दर गुरुवारी क्लबात कंट्री रॉक गायचा. रत्नागिरीचा माणूस अमेरिकेतल्या कुरणांची गाणी गातो म्हणून मित्र आधी हसायचे. मग गप्प बसून ऐकायचे. मार्चमध्ये बँडने त्याच क्लबात, लोकांसमोर, एका बैठकीत अख्खा अल्बम रेकॉर्ड केला. मे महिन्यात डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला आणि उस्मानचं स्वरयंत्र काढून टाकलं. आता तो गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घ्यायचा आणि फोनवर लिहून बोलायचा. तेही लागेल तेवढंच.

बँडमधल्या गंधारने अल्बमची कच्ची प्रत पेन ड्राइव्हवर घरी पाठवली होती. ‘फेकून दे,’ असं उस्मानने बिल्किसला लिहून दाखवलं होतं. अल्बम बाहेर काढायलाही त्याने तीनदा नकार दिला होता. मेलेल्या माणसाला कोणी गायला बसवत नाही.

बायकोने ती प्रत फेकली असणार, असं तो धरून चालला होता. बिल्किस कधी क्लबात आली नव्हती. त्याची गाणी तिला आवडायचीही नाहीत. पण आज त्याची तपासणी लवकर आटोपली आणि तो वेळेआधी घरी आला.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. मग तोच आवाज, हसरा, समोरच्या गर्दीला म्हणाला, “क्यों भाई, सब ठीक?”

गर्दी ओरडली.

“नाय वो,” आत बिल्किस म्हणाली. “कायच ठीक नाय.”

उस्मानने कान दाराला लावला.

“रातभर मी जागी असते. ह्यांचा श्वास चाललाय का, ते ऐकत राहते. लाईबा विचारते, पप्पा माझ्यावर रागावलेत का? पोरीला काय सांगू? घरात आहेत ते पाठ फिरवून झोपतात. म्हणून तुमच्याशी बोलते.”

पुढचं गाणं सुरू झालं. उस्मानचं डोकं भणभणलं. आत शिरावं, गाणं वाजवणारं ते यंत्र उचलून आपटावं. त्याने रागाने किल्ली फिरवायला घेतली आणि किल्ल्यांचा जुडगा दारावर वाजला.

“कोण? सुरेखा?” समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण आली, असं बिल्किसला वाटलं. “थांब गो जरा. हे गातायत.”

उस्मानने उत्तर द्यायला तोंड उघडलं. गळ्यातून नुसती हवा बाहेर गेली.

त्याने किल्ली हळूच काढून घेतली आणि तो जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. आणखी दोन गाणी झाली. प्रत्येक गाण्यानंतर तो आवाज लोकांशी काहीबाही बोले आणि बिल्किस त्याला उत्तर देई. एकदा तर ती हसलीसुद्धा. ऑपरेशन झाल्यापासून तिचं हसणं उस्मानने ऐकलं नव्हतं. आणि ठीक आहेस का, असं त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं. लिहायला कितीसा वेळ लागला असता.

त्याने फोन काढला. गंधारचा सकाळचा मेसेज तसाच पडून होता. ‘उस्मानभाई, शेवटचं विचारतो. अल्बम काढू?’

उस्मानने लिहिलं, ‘काढ. गाणी वाटलं तर कमी कर. मधलं माझं बोलणं मात्र एका अक्षरानेही कापू नकोस.’