कुंकवाचं बोट

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंघोळ करून देवघरात आलो तर पाटावर माझा ब्राझील, पेरू आणि अर्जेंटिना मांडलेला. तिथल्या चलनातून बाद झालेल्या नोटा मी कॉलेजपासून जमवत आलोय. एकीवरही साधा डाग नव्हता. परवा अकोल्याला नोटांच्या प्रदर्शनात त्या लावायच्या होत्या. वलगावहून दिवाळीला आलेले माझे वडील, आबा, एकेक नोट पाकिटातून काढून तिच्यावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवत होते. इतकी वर्षं ह्याच नोटांना रद्दी म्हणणारे आबा! “आबा, हे काय करून राहिले तुमी?” मी ओरडलोच. त्यांनी वर पाहिलं. चेहरा कधी नव्हे इतका खुलला होता. “कोनत्याई मुलकाची असो, लक्ष्मीच ना बापा! तुह्या लक्ष्मीले आजवर कोनी कुंकूच नाई लावलं.” पाकिटात एकच कोरी नोट उरली होती. मी ती काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.