लिफ्टने की जिन्याने

मोबाइल पुन्हा केकाटला आणि भिंतीवरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली : लिफ्ट आज बंद पडणार.

ताईने घाईघाईने मोबाइल गप्प केला. तिच्या कंपनीचं यंत्र हेच काम करायचं. लिफ्टचा आवाज ऐकून ती कधी बिघडणार ते आधीच सांगायचं. पण आजची लिफ्ट याच इमारतीतली, आणि इमारत समोर बसलेल्या फंडवाल्या साहेबांची. हौस दांडगी म्हणून तिच्या धाकट्या भावाने सकाळीच परवानगी काढून यंत्र तिथे बसवलं होतं. साहेब खूश होतील म्हणे! यजमानाच्याच घरात खोट काढायची अक्कल याच बहाद्दराला सुचावी.

उद्या कंपनीचे शेअर पहिल्यांदाच लोकांसाठी खुले होणार होते. साहेबांनी आज मोठा वाटा उचलला, तर बाकीचे मागोमाग येणार. त्यांनी तोंड फिरवलं, तर सगळंच बारगळणार आणि अर्ध्या पगारावर तग धरून राहिलेली ऑफिसातली पोरं घरी बसणार.

साहेब नुसते हसले. लिफ्ट गेल्याच महिन्यात नवी बसवलीय, म्हणाले. शेअर घेऊ, पण तुम्ही ठरवलेल्या किमतींतल्या सगळ्यात खालच्या किमतीला, आणि तेही विचार करून कळवू. मग पाहुण्यांना खालपर्यंत पोचवायला स्वतः उठले. ती त्यांची रीतच होती. लिफ्टचं दार उघडलं तसं त्यांनी अदबीने ताईला आत बोलावलं.

शेअरविक्रीचं काम बघणारा बँकर तिच्या कानाशी लागला. मुकाट्याने आत चला, यंत्र चुकलं म्हणा आणि मोकळ्या व्हा. भाऊ मान खाली घालून उभा. एक पाऊल टाकलं की निभावलं असतं. ते पाऊल काही उचलेना.

"साहेब, उद्या मी लोकांना सांगणार, या यंत्रावर विश्वास ठेवून पैसे लावा. मग आज मीच कशी आत येऊ? मी जिन्याने जाते. तुम्हीही चला."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. जशी तुमची मर्जी, म्हणत ते आत गेले. बँकरही कपाळावर हात मारत मागोमाग शिरला. दार मिटलं.

बहीणभाऊ जिना उतरू लागले. गेलं, हातचं सगळं गेलं, असं वाटून ताईला रडूच फुटलं. तरी परत फिरून लिफ्टमध्ये शिरावंसं मात्र तिला एकदाही वाटलं नाही.

तळमजल्यावर लिफ्टचं दार बंदच होतं. आजूबाजूला ना साहेब, ना बँकर. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बँकरच होता, आवाज अगदी बारीक झालेला.

"मॅडम, आम्ही मधेच अडकलोय. साहेब म्हणतायत, शेअर सगळ्यात वरच्या किमतीला घेतो, पण आधी आम्हाला बाहेर काढायला तुमच्या धाकट्याला वर पाठवा. जिन्याने."