लाल दोऱ्याचा कप

कानाला लाल दोरा बांधलेला आपला कप सुलभाताई वेगळा विसळत होत्या. हिपॅटायटिस बी निघाल्यापासूनचा हा त्यांचा शिरस्ता. उष्ट्यानं तो पसरत नाही, असं डॉक्टरांनी कितीदा सांगितलं. पण लेकीच्याही रक्तात तोच निघाला आणि त्यांनी ऐकणंच सोडलं. जन्मताच पोरीला आपण हे आंदण दिलं, या विचारानं त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

दार धाडकन उघडलं. गार्गी चपलांसकट स्वयंपाकघरात शिरली. "आई, तपासणीत आपल्या दोघींचे विषाणू वेगवेगळ्या जातींचे निघाले! तुझा विषाणू लिव्हर लवकर पोखरणारा, माझा त्यातल्या त्यात बरा. गोळ्यांनी आटोक्यात राहील म्हणाले डॉक्टर. आणि मुख्य म्हणजे, तो तुझ्याकडून आलेलाच नाही!"

"मी नाही दिला?"

"नाही गं, आई!"

सुलभाताईंनी तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. मग कपाचा दोरा दातानं तोडला, त्यात वाफाळता चहा ओतला आणि कप लेकीच्या हातात दिला.

"घे, माझ्याच कपातला पी. आणि त्या चपला काढ आधी!"