हसऱ्या चेहऱ्याचा मास्क

"चेहऱ्याचा ठसा घेताना लेकराला हसवू नका, वहिनी," असं मास्क बनवणाऱ्या साटमकाकांनी अनघाला बजावलं होतं. पण तिची लेक जुई खुर्चीत टिकेना, म्हणून अनघाने काकांच्या पाठीमागून माकडतोंड करून दाखवलं. तेवढ्यात मास्कचं रबर त्या हसऱ्या गालांवर बसून कायमचं घट्ट झालं.

समुद्र गावावर चढला तरी शाळा जागची हलली नव्हती. मुलं पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरत आणि दिवसभर मास्क लावूनच शिकत. बाई म्हणत, "जुईइतकी हसरी मुलगी वर्गात नाही." अनघा सुखावायची.

एकदा धक्क्यावर मास्क काढताना जुई कुरकुरली, "आई, गाल दुखतात गं."

"इतकं खिदळायचं कशाला मग?"

"हसले नाही तर आत पाणी येतं. नाकात जातं."

अनघाने तिचे गाल चाचपले. "आणि बाई रागावल्या तर?"

"तरी हसते. मग त्या आणखी रागावतात."

"अगं, मला सांगायचंस ना."

"तू शाळेत पाठवलंच नसतंस."

ते खरंच होतं. एवढीशी पोर, रडू आलं तरी हसरं तोंड करून खोल पाण्यात स्वतःचा श्वास सांभाळत होती. तिला तशीच ओली उचलून अनघाने नव्या ठशासाठी साटमकाकांचं दुकान गाठलं.

तेव्हापासून अनघा भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे: घरातलं एखादं मूल पाण्याखाली सदा हसत असेल, तर आज त्याला मास्क लावून उथळ पाण्यात उतरवा, क्षणभर हसू नकोस म्हणा, आणि काच आतून कोरडी राहते का ते बघा.