साठ लिटरची टाकी

पत्नी मधुमती वारल्यापासून मुरलीधररावांच्या लेकीने, निवेदिताने, एकच धोशा लावला होता, "बाबा, महिनाभर माझ्याकडे ब्रॅकनेलला राहायला या." त्यांना इंग्लंडमधलंच आपलं कॉव्हेंट्रीचं घर सोडून एक रात्रही बाहेर काढायची नव्हती, पण लेकीला तोंडावर नाही म्हणवत नव्हतं. म्हणून गॅरेजमध्ये सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनी जोडलेल्या दोन सीटच्या किट-कारसाठी त्यांनी साठ लिटरची मोठी टाकी मापाने बनवून घेतली आणि बसवली. टाकीने सगळी डिकी व्यापली.

शनिवारी सकाळी ते हात हलवत लेकीच्या दारात हजर झाले.

"बाबा, बॅग कुठेय?"

"ठेवणार कुठे? डिकीत टाकी आहे. आता पेट्रोलला न थांबता येऊन परतही जाता येतं बघ. जेवतो आणि निघतो."

"अहो, मग शेजारच्या सीटवर ठेवायची ना!"

"तिथे तुझी आई बसायची."

निवेदिता आत गेली. डाव जमला म्हणून मुरलीधरराव मिशीतल्या मिशीत हसले.

ती एक भरलेली बॅग घेऊन बाहेर आली. त्यात त्यांचे पायजमे होते, दाढीचं सामान होतं, हरवली म्हणून त्यांनी घरभर शोधलेली कानटोपीसुद्धा होती.

"हॉस्पिटलात जायच्या आधी आईनेच ही बॅग इथे आणून ठेवली. म्हणाली, माझ्यामागे तुझे बाबा येतील, पण काहीतरी शक्कल लढवून बॅग घरीच ठेवून येतील."