विहिरीला आधी कळतं

तोगामीच्या डोंगरवाटेवर अस्वलं फिरतात, म्हणून किनुएने कमरेला पितळी घंटी बांधली होती. ती तडकलेली असल्याने पावलागणिक फुटक्या वाटीसारखी वाजत होती.

"ताई, ही ऐकून अस्वल पळायचं नाही, कीव येऊन जवळ येईल," धाकटा शुन्जी वाटभर चिडवत होता.

माथ्यावर किल्ल्याचं म्हणून उरलं होतं ते शेवाळलेलं जोतं आणि एक विहीर. भर दुपारी काठावर बसून बहीणभावाने उमेचं खारवलेलं आंबट फळ घातलेले भाताचे गोळे खाल्ले. मग किनुएने लहानपणच्या सवयीने एक खडा उचलला.

खाली डुबुक झालं. खडा तर तिच्या मुठीतच होता.

"तू टाकलास?"

"मी? माझे हात बघ, भाताने बरबटलेत."

तिने खडा सोडला. कितीतरी वेळ कान लावला, पण आवाज आला नाही. मग तिने चांगला मोठा धोंडा उचलला, तर तो हातात असतानाच खाली धप्पकन पाणी उसळलं.

"हिला आधीच कळतं रे!" किनुए हरखून म्हणाली.

"ताई, पुरे. चल खाली."

"एकदाच."

या वेळी तिने काहीच उचललं नाही. नुसती काठावर हात टेकून ऐकत राहिली.

आतून घंटी वाजली. फुटक्या वाटीसारखी, भिंतींवर आपटत, खोल खोल जात. मग पाणी फार मोठ्याने उसळलं.

किनुएने कमरेला हात लावला. घंटी जागच्या जागी होती, गप्प.

"ताई, मागे हो!" शुन्जी ओरडला.

"थांब रे जरा," ती म्हणाली, आणि नीट ऐकू यावं म्हणून आणखी वाकली.